महांतप्पांचे बिऱ्हाड

मी एक जुना, पोटाला चीर गेलेला रांजण आहे. मुरुम गावच्या सिदू कुंभाराने ज्वारी साठवण्यासाठी मला पुरुषभर उंच घडवले. पण भट्टीत तडा गेला आणि मला गावच्या आडाजवळ आडवे टाकून दिले. मित्रांनो, रिकाम्या वस्तूला दिवस फार मोठे वाटतात.

एके दिवशी महांतप्पा घोंगडी घेऊन माझ्यात राहायलाच आले. ते शाळामास्तर होते. तपासणीला आलेल्या साहेबालाच त्यांनी विचारले होते, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" नोकरी गेली, प्रश्न मात्र राहिला. भेटेल त्याला ते हेच विचारत. लोक त्यांना पाहून वाट बदलत. घटकाभर स्वस्थ बसणे त्यांना ठाऊक नव्हते.

१९४८चा उन्हाळा होता. निजामाचे राज्य डळमळत होते. रोज नवी अफवा येई, गाड्या जुंपून माणसे सोलापूरकडे निघत. एका सकाळी ओरडा झाला, "आडात विष कालवलंय!" पाणी भरणे थांबले. दुपारी काठ्या घेतलेल्या लोकांनी लाडलेसाब भिश्त्याला माझ्यासमोरच घेरले. बलभीमने त्याची पाण्याची पखाल फाडली.

महांतप्पा बाहेर आले. काठ्यांसमोर उभे राहून त्यांनी विचारले,

"विष कालवताना कुणी बघितलं?"

"नागम्मा म्हनली," बलभीम म्हणाला.

"मला द्वारकाबाईनं सांगितलं," गर्दीतली नागम्मा म्हणाली.

द्वारकाबाईने पदर सावरला. "म्या बघितलं की! झुंजुमुंजू व्हतं. कुनीतरी आडात वाकून लई येळ पुटपुटत व्हतं."

महांतप्पांचा चेहरा उतरला. "बाई, तो मीच."

"तुमी? काय करत व्हता?"

"प्रश्न विचारत होतो. गावात कुणी थांबत न्हाय. आड निदान परत बोलतो तरी."

कुणीच हसले नाही. काठ्या त्यांच्याकडे वळल्या.

"मग प्या पानी," बलभीम म्हणाला.

लाडलेसाबनेच पोहरा सोडला. महांतप्पा ओंजळभर पाणी प्याले आणि माझ्या तोंडाशी बसले. अख्खे गाव त्यांच्या मरणाची वाट पाहत उन्हात उभे राहिले. त्यांना शिंक आली तरी गर्दी मागे सरे. ते माझ्या आत तोंड घालून हळूच म्हणाले, "कुणीच विष कालवलं न्हाय, हे तरी मला कुणी सांगितलं?" त्यांची धडधड माझ्या चिरेपर्यंत पोचत होती.

शेवटी म्हातारी इरम्मा गर्दीतून पुढे आली. "हे मरायच्या आत आमी तहानेनं मरू," असे म्हणून तिने पोहऱ्यालाच तोंड लावले. मग द्वारकाबाई प्याली, मग सगळेच. बलभीमने फाटलेली पखाल मान खाली घालून उचलली आणि शिवून आणायला चांभारवाड्याची वाट धरली.

पुढे राज्य बदलले. महांतप्पा एके दिवशी घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेले, ते परतले नाहीत. आता मुले माझ्यावर दगडांचा नेम धरतात. मित्रांनो, मला जपलेत तर बरेच वाटेल. पण ऐकीव गोष्टीवरून माणसावर काठी उगारण्याआधी, ती गोष्ट प्रत्यक्ष पाहणाऱ्यापर्यंत चालत जा. वाट बहुधा दोन-तीन घरांचीच असते.