मुठीतलं लोखंड

आमच्या समुद्राकाठच्या गावात एका माशाचं नाव कुणी घेत नाही. फारच अडलं तर आतल्या लालसर मांसावरून 'लाल मासा' म्हणतात. कुणी परका चुकून ते नाव बोललाच, तर ऐकणाऱ्याने लगेच 'थंड लोखंड' म्हणायचं आणि हाताशी असेल त्या लोखंडाला शिवायचं. बोटीवर असाल तर कडी, घरी असाल तर चुलीचा चिमटा. हसायचं तर खुशाल हसा. आमच्या घरची माणसं बोटीवरून धडधाकट परत आली आहेत, तेव्हा ही सवय मोडायला मी जाणार नाही.

आणि अशा मला नोकरी हवी होती कुठली, तर स्पे नदीवर नेमक्या त्याच माशामागे वेड्या झालेल्या पाहुण्यांना गळ फेकायला शिकवायची.

तिथे माझा डॉडमामा गिली होता. पाहुण्यांना पाण्यात उतरवायचं, मासा कुठे दबा धरून बसलाय ते दाखवायचं, फेक सुधारायची, हे गिलीचं काम. यंदा मामाच्या खांद्याने संप पुकारला. नदीचा तो पट्टा लेस्लीबाईंचा. बाईंनी मामाला सांगितलं, भाची येऊ दे, पण वारा कसाही असो, पलीकडच्या काळ्या खडकापर्यंत तिची माशी गेली पाहिजे. नाही गेली तर दुसरा माणूस बोलावते. मला ती जागा इतकी हवी होती की मी झोपेतसुद्धा हात हलवायची, असं आई सांगते.

माशी म्हणजे हुकाला बांधलेली पिसं. काठी पंधरा फुटी, दोन्ही हातांनी धरायची. पाठीमागे झाडांची भिंत, त्यामुळे दोरी मागे उडवायची सोय नाही. ती पाण्यावरच वळवून आणायची, शेजारी टेकवायची, काठीमागे तिचं पोट फुगवायचं आणि मग पुढे सोडायची. आणि वारा ज्या बाजूला वाहतो त्याच बाजूला दोरी ठेवायची, नाहीतर हूक सरळ कानात.

वसंतभर मी घाम गाळला. मामा काठावर बसून ओटची भाकरी चावत टोमणे मारायचा.

"वरच्या हाताने ढकलू नकोस गं. खालचा हात पोटाकडे ओढ. नदी झाडायला आली आहेस का?"

मी ढकलतच राहायची आणि दोरी समोर लोकरीच्या गुंत्यासारखी पडायची. पण एखादी फेक मधूनच जमायची. दोरी सूं करत निघायची, आणि माझ्या पोटात असा काही आनंद उसळायचा की पुढच्या चार फेकी मी त्या खुशीतच वाया घालवायची.

परीक्षेच्या दिवशी वारा प्रवाहाच्या उलट, वर चढत होता. माझ्या आवडीचा. उजवा हात वर, डावा खाली, कमरेएवढं पाणी. काठावर मामा, आणि कुंपणाच्या फाटकाला टेकून लेस्लीबाई. मी दोरी वळवली, पोट छान फुगलं, आता सोडणार, एवढ्यात बाई कौतुकाने म्हणाल्या, "त्या खडकामागेच सॅमन असतो, नाही का डॉड?"

(हे लिहिताना मी टेबलाचा खिळा धरलाय.)

माझा हात काठी सोडून खाली गेला. लोखंड कुठे, तर बुटांच्या तळाच्या खिळ्यांत. म्हणजे मी भर प्रवाहात वाकले आणि गळ्यापर्यंत बुडाले. टोपी वाहून गेली. दोरीचं तर विचारूच नका.

बाई हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. मामाने त्यांना आमच्या गावची रीत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की पाहुणे तर हे नाव दिवसभर घेतात, दर वेळी ही अशी बुडणार असेल तर तिला ठेवून कसं चालेल? उद्या सकाळी शेवटची संधी.

संध्याकाळी मी काठी आवरत रडत होते. मामा शेजारी बसला.

"मामा, तूही आमच्याच गावचा. तू इतकी वर्षं कसं निभावलंस?"

त्याने स्वतःची जुनी काठी पुढे केली आणि तिच्या बुडाची बुचाची गोटी फिरवून काढली. आत लोखंडी खिळ्याचं रुंद डोकं होतं, घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"तुझ्या आजोबांच्या बोटीचा खिळा आहे. पाहुण्यांनी नाव घ्यावं, मी ही गोटी काढून मूठ आवळावी. बाईंना या खिळ्याचं अजून माहीत नाही," मामा म्हणाला. "उद्या हीच काठी घे."

सकाळी वारा फिरला होता. आता तो प्रवाहाबरोबर खाली वाहत होता, म्हणजे हात बदलायचे. डावा वर, उजवा खाली. ही माझी कच्ची बाजू. पण गोटी मी आधीच काढून ठेवली होती, आणि उजव्या तळव्यात तो खिळा गार लागत होता.

पहिली फेक अर्ध्यातच पडली. दुसरीला मी दोरी वर आणली, खाली टेकवली, पोट फुगवलं, आणि फाटकाकडून बाईंचा आवाज आला. मुद्दामच, स्पष्ट, शाळेतल्या बाईंसारखा.

"सॅमन."

माझी मूठ खिळ्यावर आवळली आणि भीतीने हात पोटाकडे ओढला गेला. वरचा हात बिचारा नुसता धरून राहिला. मामा वसंतभर जे ओरडत होता ते एका क्षणात झालं. दोरी सुटली. ती जातच राहिली, काठीच्या चाकावरची उरलीसुरली दोरीही ओढून नेली, आणि माशी काळ्या खडकापलीकडे अलगद टेकली.

"थंड लोखंड," मी पुटपुटले, आणि मला हसू आवरेना.

माशी प्रवाहात वळू लागली. आणि दोरी जड झाली.

"उचलू नकोस," मामा दबक्या आवाजात म्हणाला. "घेऊ दे त्याला."

मी काठी खालीच धरून ठेवली. चाक किरकिरलं, दोरी ताठ झाली, तेव्हा काठी उचलली, आणि खडकापाशी तो पाण्याबाहेर उसळला. अख्खा, चांदीचा, माझा!

"सॅ..." बाई ओरडल्या आणि शब्द गिळला. मी वळून पाहिलं. लेस्लीबाईंनी दोन्ही हातांनी फाटकाची कडी धरली होती. "लाल मासा, एल्सपेट! लाल मासा!"

माशाने मला खाली वळणापर्यंत पळवलं. शेवटी मामाने त्याला जाळ्यात घेतलं, हूक काढला, आणि मी त्याला पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवलं. शेपटीत जोर आला तसा तो माझ्या तोंडावर पाणी उडवून निघून गेला.

बाई काठापर्यंत आल्या. मामाला म्हणाल्या, "डॉड, गिलीच्या झोपडीची किल्ली दे तिला. पाहुणे दुपारी येतील."

मामाने खिशातून किल्ली काढून माझ्या ओल्या तळहातावर ठेवली. ती लोखंडी होती, आणि चांगलीच थंड.