वीस पौंडांचे आठ तुकडे

मी एक जुनी कात्री आहे. लांबी साडेचार इंच, पाती दोन, मळसूत्र एक. ज्या पेटीत मी राहत असे, तिच्यात सुया चौदा होत्या, रिळे नऊ, अंगुस्ताने दोन आणि मेणाचा एक खडा. तळाच्या मखमलीखाली पाच पौंडांच्या चार नोटा होत्या. त्या मात्र फार दिवस राहिल्या नाहीत.

मित्रांनो, माझा जन्म शेफील्डचा. मला घासणारा कारागीर दिवसभर लोखंडाची धूळ गिळून खोकत असे. तो मला उजेडात धरून म्हणाला होता, "जा बाई, चांगल्या घरी पड." मी चांगल्या घरी पडले. यॉर्कशरमधल्या एका गिरणीमालकाच्या विधवेने, लॅविनिया ऑल्डरॉइडबाईंनी, मला विकत घेतले. भरतकाम करताना त्या मला दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

गिरणी आता त्यांचे दीर चालवत. तेथे मुले तेरा तास राबत. शेजारच्या परगण्यात थर्झा बिनक्स नावाची एक बाई याविरुद्ध एका पेनीचे वर्तमानपत्र छापी. सरकारी शिक्क्याचा कर ती भरत नसे, कारण तो भरला असता तर मजुराला वर्तमानपत्र परवडले नसते. तिच्या कागदाचे पैसे गेली दोन वर्षे ऑल्डरॉइडबाई गुपचूप पाठवत होत्या. दिरांना हे कळले असते, तर बाईंचा तनखा त्याच दिवशी बंद झाला असता.

मार्च महिन्यात हा कर चुकवल्याबद्दल थर्झाला शिक्षा झाली: वीस पौंड दंड, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिची छाती आधीच अधू होती.

त्या काळी टपालात नोटा चोरीला जात. म्हणून लोक नोट मधोमध कापत, अर्धी आधी पाठवत आणि पोचपावती आली की उरलेली अर्धी. अर्ध्या नोटेला बँक कवडीही देत नसे. बाईंनी चारही नोटा माझ्याकडून कापून घेतल्या. मी अगदी सरळ कापल्या. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

चार तुकडे तुरुंगाच्या गावी गेले, थर्झाची मैत्रीण डॉर्कस पेल या टोप्या शिवणाऱ्या बाईकडे. पोच तिच्या दुकानाच्या शिक्क्याने येणार होती, म्हणजे घरात कुणाला संशय येणार नाही. बाईंनी हे कुणालाच सांगितले नाही. वर्षानुवर्षे त्यांचे केस विंचरणाऱ्या मोलकरणीला, कीझियालाही नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंच्या सासूबाई वारल्या. घराने काळे कपडे घातले, पडदे ओढले. आणि चौथ्या दिवशी डॉर्कसचे पत्र आले. तेव्हा टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे असत. दिले नाहीत तर पत्र परत जाई. दारात कीझिया होती.

"आठ पेनी? टोपीवालीच्या पत्राचे?" ती टपालवाल्यावर कडाडली. "घरात सुतक आहे, दिसत नाही का? आमच्या बाईसाहेब आता निळ्या फिती लावून मिरवतील होय? ने परत!"

बाई रोज विचारत, "टपाल?"

"कामाचं काही नाही, बाईसाहेब."

पहिले तुकडे चोरीला गेले असावेत, असे बाईंना वाटू लागले. मग दुसरे तरी कसे पाठवायचे? कुणाच्या हाती पडतील? त्या पेटी उघडत, मखमल चाचपत आणि पुन्हा बंद करत. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी बारा वाजता, डॉर्कस स्वतःच दारात उभी राहिली. परत आलेले पत्र तिने टेबलावर आपटले.

"माघारच घ्यायची होती तर तसं कळवायचं, बाईसाहेब. मोठ्या घरची दया, म्हटलं, एवढीच टिकायची. तिकडे थर्झा रक्त ओकतेय."

बाईंनी पत्र पाहिले, मग कीझियाकडे पाहिले. कीझिया पांढरी पडली.

"थर्झा बिनक्स? पेपरवाली?" ती म्हणाली. "अहो, माझा भाऊ गिरणीत तिचाच पेपर वाचून दाखवतो. तुम्ही मला एक शब्द बोलला असतात, तर मी ते आठ पेनी माझ्या पदरचे दिले असते."

"तुझं चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तू दिरांना सांगशील."

उरलेले चार तुकडे घेऊन डॉर्कस एक वाजताच्या घोडागाडीने परत निघाली. चाळीस मैलांचा रस्ता होता.

मित्रांनो, त्यानंतर बाईंनी मला हातात धरले नाही. माझ्या मळसूत्रावर गंज चढला आहे, आता मी दोराही नीट कापत नाही. मला तेल द्या, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगते: चांगले काम लपवून करावे लागले, तर निदान जवळच्या एका माणसाला विश्वासात घ्या. ते माणूस तुमच्या घरात भांडी घासत असले तरी.

रविवारी डॉर्कसचे दुसरे पत्र आले. त्याचे पैसे कीझियाने दिले. बाईंनी ते पेटीशेजारी बसून मोठ्याने वाचले, दोघींसाठी.

नोटांचे तुकडे खळीने जोडून दंड भरला: शुक्रवारी सकाळी दहा वाजता. थर्झा बिनक्स वारली, हे दंड भरल्यावर कळले: गुरुवारी दुपारी चार वाजता. मधले अंतर अठरा तास.