बुधवारी सकाळी आठला लागणारी झोप

मी जुना झालोय, पण भंगारात निघालेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो मित्रांनो, कारण माझं झाकण पिवळं पडलंय, एक स्क्रू गंजलाय आणि मला बघून लोकांचा भलताच समज होतो. मी पाणीमापक आहे. टाकीच्या झाकणाला उलटा लटकून मी खाली एक आवाज सोडतो, तुम्हाला ऐकू न येणारा. तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून टाकी किती भरली आहे ते मला कळतं. जन्मभर मी एवढंच काम केलं, पण इमानानं केलं. फक्त तीन बुधवार सोडून. त्यांच्या आठवणीनं आजही मला ओशाळल्यासारखं होतं.

माझा जन्म एका ठिकाणी झाला नाही. तीन देशांतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून मला घडवलं. वस्तूंनी आपसात बोलावं, पंप आणि झडपा आपल्या आपण चालवाव्यात आणि तरी कुणाला इजा होऊ नये, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. इथल्या प्रयोगशाळेनं माझे कान केले. दुसरीनं डबा केला, तो नेमका दोन मिलिमीटर लहान! त्यावरून आठवडाभर पत्रांवर पत्रं गेली. शेवटी इथल्या संशोधक ताईंनी कानस घेतली आणि मला घासून त्यात बसवलं. तो ओरखडा अजून माझ्या कुशीला आहे.

माझ्या डोक्यातला प्रोग्रॅम तिसरीतल्या, समुद्रापलीकडच्या एका संशोधकांनी लिहिला. ते रोज संध्याकाळी पाच वाजता ताईंच्या पडद्यावर यायचे. तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असायचे. छातीपर्यंत दाढी, म्हणून ताईंच्या खोलीत सगळे त्यांना दाढीवाले म्हणायचे. ताई दिवसभराच्या कामानं दमलेल्या, दाढीवाले नुकतेच अंघोळ करून आलेले. दोन वर्षं हे असं चाललं. नऊ तासांचा फरक दोघांच्या तोंडपाठ होता. तोंडपाठ गोष्टीकडेच लक्ष जात नाही, हे पुढे कळलं.

मला कामाला लावलं एका इस्पितळाच्या गच्चीवर. टाकी तीस टक्क्यांवर आली की मी तळघरातल्या पंपाला सांगायचं, 'चालू हो'. भरली की सांगायचं, 'बस आता'. तिथे तीस वर्षं पंप सांभाळणारे एक पंपवाले काका होते. इस्पितळाच्या मागच्या खोलीत ते आणि काकू राहायचे. मला पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"ह्या डबड्याला काय कळतंय पाण्यातलं?" काका म्हणाले. "मला घरी बसवायला आणलंय हे."

"तुम्हाला कोण घरी बसवतंय काका!" ताई म्हणाल्या. "उलट तुमचे जिने चढायचे वाचतील."

काका पुटपुटत जिना उतरले. पण दुसऱ्या दिवशी ते फडकं घेऊन वर आले आणि माझ्यावरची धूळ पुसून गेले. मग रोजच येऊ लागले. तोंडानं बडबड चालू आणि हातानं पुसणं चालू. "काय डबड्या, किती म्हणतोस आज?" असं विचारून ते टाकीत काठी बुडवायचे आणि माझा आकडा पडताळून बघायचे. महिनाभर आमचे आकडे जुळले. तेव्हापासून ते मला 'शहाणा' म्हणू लागले आणि त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवून दिली. खरं सांगतो, त्या दिवशी मी फुगलो होतो.

आणि मग तो पहिला बुधवार आला.

सकाळी आठची वेळ. वॉर्डांत अंघोळी, धुणं, फरशा, सगळं एकदमच चाललेलं. टाकी चाळीस टक्क्यांवर होती. आता थोड्या वेळात पंपाला हाक मारायची, असं मी म्हणतोय तोवर माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. जाग आली तेव्हा पाऊण तास उलटला होता. त्या पाऊण तासात टाकीचा तळ दिसला होता. शस्त्रक्रियेच्या खोलीत हात धुवायला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई नळाखाली हात धरून तशाच उभ्या राहिल्या. आरडाओरडा ऐकून काकांनी धावत जाऊन पंप हातानं चालू केला, म्हणून पुढचं निभावलं. मी जागा झालो तेव्हा टाकी परत पस्तीस टक्क्यांवर आली होती.

आता गंमत बघा. गंमत कसली, आमचं दुर्दैव! मी झोपलेलो असताना तळघरातल्या फलकावर माझा शेवटचा आकडा तसाच राहायचा. फलक कोरा दिसू नये म्हणून दाढीवाल्यांनी तशी सोय केली होती. त्यामुळे पाऊणतासभर फलक म्हणत होता, चाळीस. नोंदवहीतही चाळीस, चाळीस, चाळीस. आणि नळ मात्र कोरडे ठणठणीत.

पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच.

इस्पितळाच्या व्यवस्थापक साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. "टाकीत चाळीस टक्के पाणी होतं आणि नळाला थेंब नाही. म्हणजे खालची झडप कुणीतरी बंद केली. झडपेची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे साहेब. पण टाकी रिकामी होती. आईशप्पथ सांगतो."

"मग काय आकडा खोटं बोलतोय? पहिल्या दिवसापासून ते यंत्र तुमच्या डोळ्यांत खुपतंय, सगळ्यांना माहीत आहे."

काकांचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षांत त्यांनी कधी नळ कोरडा पडू दिला नव्हता आणि आता नोकरी जायची वेळ आली होती. नोकरी गेली की खोलीही गेली. गच्चीवरून मला त्यांची खिडकी दिसायची. त्या संध्याकाळी काकू वरच्या फळीवरची भांडी एकेक करून खाली काढत होत्या. मी सगळं बघत होतो. दोष माझा होता आणि खापर काकांच्या डोक्यावर फुटत होतं. आणि माझी भाषा काय, तर आकडे! आकड्यांत 'मी झोपलो होतो' कसं सांगणार?

ताईंचा मात्र काकांवर विश्वास होता. त्यांनी सगळ्या नोंदी उपसल्या. त्यात एक ओळ होती: 'मागचे तीन मंगळवार, रात्री अकरा ते पावणेबारा, यंत्राला झोपवून नवा प्रोग्रॅम भरला.' ताईंनी ती वाचली आणि सोडून दिली. मंगळवारी रात्री अकराला इस्पितळ झोपलेलं असतं, तेव्हा पाणी कोण वापरतंय? भानगड तर बुधवारी सकाळची.

गुरुवारी सकाळी साडेआठला चौकशी बसली, कारण साहेबांना तेवढीच वेळ मोकळी होती. मला गच्चीवरून काढून टेबलावर ठेवलं. शेजारच्या खुर्चीत काका बसले. दोन आरोपी शेजारी शेजारी! पडद्यावर दाढीवाले आले, ते घरच्या कपड्यांत, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी बसून. ते बोलायचे आणि ताई साहेबांना समजावून सांगायच्या. काकांना कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून ते आपले पडद्याकडे बघत बसले होते. नोंदींमधली ती मंगळवारची ओळही ताईंनी वाचून दाखवली. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

मग काका हळूच म्हणाले, "ताई, हे सारख्या जांभया का देतायत?"

"रात्र झालीय ना त्यांच्याकडे. साडेअकरा वाजलेत."

"तरीच! मागे खिडकीत मिट्ट काळोख आहे." काका बोटं मोजू लागले. मोजता मोजता थांबले. "मग ताई, हे आपल्या शहाण्याला रात्री अकराला झोपवतात, ते अकरा कुठले? ह्यांचे की आपले?"

ताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! काका, त्यांचे मंगळवारचे रात्रीचे अकरा म्हणजे आपले बुधवारचे सकाळचे आठ!"

दोन वर्षं रोज घड्याळाचा हिशेब मांडून बैठका घेणारी हुशार माणसं ती, पण मला झोपवायची वेळ ठरवताना प्रत्येकानं आपापल्या खिडकीबाहेर बघितलं होतं. दाढीवाल्यांची झोप उडाली. पाणी रात्री कोण वापरणार, असं समजूनच त्यांनी ती वेळ निवडली होती. त्यांनी ताईंना थांबवलं आणि ते थेट काकांकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलले.

"ते तुमची माफी मागतायत काका," ताई म्हणाल्या. "आणि मीही मागते."

साहेबांनी काकांना कामावरून काढायचा समोरचा कागद घडी करून खिशात घातला. "मीही चुकलो," ते म्हणाले.

काकांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. "असू द्या. त्यांना म्हणावं, उशीर झालाय, झोपा आता. आणि शहाण्याला मी जागं राहायला सांगतो." सगळे हसले. माझ्या जिवात जीव आला. काय हायसं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी मला परत गच्चीवर बसवलं, तिथून पाहिलं, तर काकू भांडी परत फळीवर लावत होत्या.

त्यानंतर माझी रीत बदलली. झोपण्याआधी मी खाली घंटा वाजवू लागलो. फलकावर जुना आकडा न राहता नुसती एक आडवी रेघ यायची. रेघ दिसली की काका पंपापाशी जाऊन बसायचे. आणि तिन्ही देशांच्या प्रयोगशाळांत एक नियम लागू झाला: यंत्राला झोपवण्याआधी, ते जिथे काम करतं तिथल्या माणसाला विचारायचं. तिथे अजून त्याला पंपवाल्यांचा नियम म्हणतात. काकांनी कधी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता!

आता टाकीवर नवा पाणीमापक आहे आणि मी पंपाच्या खोलीत फळीवर, त्या काठीशेजारी. काका निवृत्त होताना नव्या पंपवाल्या बाईंच्या हातात फडकं देऊन गेले. त्या मला रोज पुसतात.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, स्क्रू घट्ट करा, आम्ही तुमची सेवा करू. पण आमचा आकडा आणि समोरचा माणूस यांचं जुळलं नाही, तर माणसाला खोटं ठरवायची घाई करू नका. आधी वर चढून टाकीत डोकावून बघा. आम्हाला कधीतरी डुलकी लागते, आणि ती लागली होती हे आम्हाला सांगता येत नाही.