मोनिकाचे सगळे डोस झाले होते

जयमाला नर्स होऊन खर्ड्याच्या पलीकडच्या त्या गावात आली, तेव्हा लसीचं नाव काढलं की बाया पोरं घेऊन ज्वारीत जाऊन बसायच्या. चार वर्षं ती घरोघर फिरली. ओरडून पाहिलं, हात जोडून पाहिलं. शेवटी गाव वळलं. सत्त्याण्णवच्या जानेवारीत पोलिओच्या थेंबांच्या दिवशी शाळेच्या पडवीत एकशे चाळीस पोरं आली, आणि सगळ्यांच्या पुढं दहा महिन्यांच्या मोनिकाला काखेत घेऊन राही उभी होती.

राही ही छबूबाईची सून. वय असेल वीस. जयमाला सांगेल ते तिनं कधी मोडलं नाही. पाणी उकळायची, गाळायची, हात धुतल्याशिवाय पोरीला घास भरवायची नाही. सासू म्हणायची, "आमी काय पोरं वाढिवली न्हाईत? हिचंच लई कवतिक." राही ऐकून घ्यायची आणि पाणी उकळायला ठेवायची.

मोनिकानं थेंब गिळले, तोंड वाकडं केलं आणि लगेच हसली. राहीनं पदरानं तिचे ओठ पुसले.

"शिष्टर, हिचं समदं डोस झालं ना?"

"सगळे झाले. गोवराचाही मागच्या महिन्यात झाला."

"मग आता हिला काय बी हुनार न्हाई?"

मागं रांग वाढत होती, कुणाचं तरी पोर किंचाळत होतं. जयमाला पुढच्या पोराचं तोंड उघडत म्हणाली, "काही नाही होणार. जा निर्धास्त."

तिसऱ्या दिवशी सकाळी मोनिकानं दूध ओकून टाकलं. दुपारपासून जुलाब सुरू झाले. नुसतं पाणी. राही लंगोट बदलायची आणि बदलेपर्यंत दुसरा भिजायचा. तिचा नवरा छगन पोरीला मोटरसायकलवरून बाजारच्या गावी एका डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं इंजेक्शन टोचलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं की पोटाला आराम पाहिजे, दोन दिवस दूध बंद, पाणी बंद.

छबूबाईनं डॉक्टरचा शब्द तंतोतंत पाळला. मोनिका पाण्याच्या तांब्याकडे बघून रडायची, म्हणून तिनं तांब्या नजरेआड नेऊन ठेवला.

त्या दिवशी जयमाला गावात नव्हती, तालुक्याला मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परतली तेव्हा वाटेतच कळलं की गावात सात पोरांना ओकाऱ्या आणि जुलाब लागलेत. सातही जणांनी थेंब घेतले होते. थेंब न घेतलेलं पोर गावात उरलंच नव्हतं, पण हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

ती सरळ छबूबाईच्या घरी गेली. जयमाला बौद्ध होती. या घरात चार वर्षं ती ओसरीपर्यंतच येत होती, आणि तिचा चहाचा कप वळचणीला वेगळा खोचलेला असायचा. आज तिनं ओसरी ओलांडली नाही, पण बसलीही नाही. तिनं राहीच्या मांडीवरची पोर बघितली. टाळू खचलेली. डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पोर रडायला तोंड उघडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

"छबूमावशी, हिला आत्ताच्या आत्ता जामखेडला न्या. सलाईन लावावं लागेल. गाडी येईपर्यंत हे पाजत राहू." पिशवीतून तिनं जलसंजीवनीची पुडी काढली. "राही, उकळून गार केलेलं पाणी आण."

राहीनं पाणी आणून दिलं. जयमालानं तांब्यात पुडी ओतली, ढवळली आणि चमचा पोरीच्या ओठांना लावला. मोनिकानं तो हपापून ओढला. दुसरा चमचा भरला, तेवढ्यात छबूबाईनं मागून तिचा हात धरला.

"ठिव ते."

"मावशी, तिच्या अंगातलं पाणी संपलंय."

"डागदरनं पानी बंद सांगितलंय. तू डागदरपेक्षा शानी हाय का? आदी थेंब पाजून पोरगी आजारी पाडली, आन आता पानी पाजाया आली." छबूबाईनं तांब्या उचलला, अंगणात नेला आणि पालथा केला. मग तो तिथंच मातीत टाकून दिला. "चार वरसं काय बोलले न्हाई. सुई सरकारची असती. पानी हातचं असतं."

ओसरीच्या कडेला छगन उभा होता. तो पायाकडे बघत राहिला.

जयमाला राहीकडे वळली. "राही, तू सांग. तुझी पोर आहे."

राहीनं सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मोनिका अजून जिभेनं ओठ चाटत होती. राहीनं तिला पदराखाली घेतलं आणि ती आत निघून गेली.

जयमालानं उंबऱ्यावर तीन पुड्या ठेवल्या. ती गल्लीच्या वळणापर्यंत पोचली असेल, तेव्हा छबूबाईनं त्या उकिरड्यावर भिरकावल्या.

पुढच्या दिवशी दुपारी पोरीनं मान टाकली, तेव्हा छगननं जीप आणली. जामखेडचा निम्मा रस्ता होईपर्यंत राही तिच्या तळपायांना फुंकर घालून चोळत होती. मग छबूबाई म्हणाली, "पुरं आता." ड्रायव्हरनं न विचारता गाडी वळवली.

मोनिकाला पुरून आल्यावर छगन तडक उपकेंद्रावर गेला. त्यानं लसीची निळी पेटी उचलून पायरीवर आपटली. बर्फ फुटून पसरला, बाटल्या फुटल्या. जयमाला भिंतीला टेकून उभी राहिली. चार माणसं बघायला जमली होती. त्यांतला बन्सी, ज्याच्या तिन्ही पोरांना तिनं टोचलं होतं, म्हणाला, "पेटी फोडून काय हुनार? हिलाच घालवा गावातून."

दोन दिवसांनी आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले. घरोघर फिरले, उरलेल्या पोरांना बघितलं, त्यांतल्या दोघांना जीपमधून जामखेडला पाठवलं. मग उपकेंद्रात येऊन बसले.

"थेंबांचा काही संबंध नाही. हा रोटा नावाचा विषाणू आहे. थंडीतच येतो. आधी ओकारी, मग पाण्यासारखे जुलाब."

"पण राहीच्या घरचं पाणी उकळलेलं असतं, सर. सगळ्या गावात स्वच्छ घर तिचं."

"हा घर बघत नाही. बंगल्यातल्या पोरांनाही होतो. पाच वर्षांच्या आत एकदा तरी प्रत्येक पोराला होतोच म्हणा. कुणी निभावतं, कुणी नाही."

"मग याची लस?"

"अमेरिकेत तयार करतायत म्हणे. आपल्याकडे नाही. कधी येईल तेही माहीत नाही."

जयमाला म्हणाली, "मी तिला सांगितलं होतं, सगळे डोस झाले, आता काही होणार नाही."

डॉक्टरांनी बॅगेची चेन ओढली. "कशाला सांगितलंत?"

आठवड्यानं जयमालाचा मुलगा महेंद्र आजारी पडला. चौदा महिन्यांचा. नवरा सुप्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. घरात ती आणि सासू विमलबाई. पहिली ओकारी झाली तेव्हाच जयमालानं पुडी कालवली. एक चमचा, मग थोडं थांबून दुसरा. ओकला की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. विमलबाईनं मांडीवर घ्यायचं, हिनं पाजायचं, मग उलट. चौथ्या दिवशी पोर भाकरीचा तुकडा हातात धरून चघळायला लागलं.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. छबूबाई हापशावर सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिचं जगलं बगा. खरं औषध घरात ठिवलं हुतं. आमच्या दारात मिठाचं पानी."

जयमाला घागर घेऊन तिथंच उभी होती. तेच औषध होतं, त्याच खोक्यातलं. तिनं घागर भरली आणि घरी आली. महेंद्रला कुशीत घेताना तिला त्याचं हसू बघवेना.

मोनिका जाऊन महिना झाला असेल. दुपारच्या वेळी राही एकटीच उपकेंद्रात आली. दाराशीच बसली. हाताच्या बांगड्या सैल झाल्या होत्या.

"शिष्टर, एक इचारू?"

"विचार."

"तुमच्या पोराला तुमी तेच पाजलं? त्या दिवशी आनलं हुतं तेच?"

"तेच."

"मंग मी तवा आत्याबाईंचं ऐकलं नसतं, पाजलं असतं, तर माजी मोनी जगली असती का?"

खरं उत्तर जयमालाला ठाऊक होतं. त्या सकाळी पोर चमच्यांच्या पलीकडं गेली होती. सलाईनच लागलं असतं, आणि ते मिळूनही काय झालं असतं कुणी सांगावं. महेंद्रचं पाणी पहिल्या ओकारीपासून सुरू झालं होतं, मोनिकाचं आदल्या दुपारपासून बंद होतं. हे सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण तिला फुटलेली पेटी दिसत होती, हापसा दिसत होता, मातीत पालथा पडलेला तांब्या दिसत होता. आणि पदराखाली पोर झाकून एक शब्द न बोलता आत गेलेली ही.

"जगली असती," जयमाला म्हणाली. "तू नुसतं तोंड उघडलं असतंस तरी जगली असती."

राहीनं मान डोलावली, जसं काही ती हेच ऐकायला आली होती. मग उठली, लुगडं झाडलं आणि निघाली. जयमाला तिच्या मागं चार पावलं गेली. हाक काही मारली नाही.

त्या दिवसापासून राही सासूशी बोलली नाही. भांडलीही नाही. स्वैपाक करायची, शेतात जायची, ताट वाढायची. छबूबाईनं आधी शिव्या दिल्या, मग नातेवाईक बोलावले, मग एक दिवस सगळ्यांसमोर रडली. राही भाकरी थापत राहिली. छगन घरात कमी आणि बाहेर जास्त राहायला लागला.

पुढच्या वर्षी राहीला मुलगा झाला, गोरक्ष. दीड महिन्याचा झाला तशी ती त्याला घेऊन उपकेंद्रात आली. गाव एव्हाना पुन्हा लसीला येऊ लागलं होतं, जयमालाची बदली कुणी मागितली नव्हती. बाया ओसरीत बसल्या होत्या. राहीची पाळी आली.

"ह्याच्यात त्या रोगाची हाय का?"

"नाही, राही. ती अजून आली नाही."

"बरं."

जयमालानं सुई भरली, पण टोचली नाही. वर्षभर साठवलेलं एकदम बाहेर आलं. "त्या दिवशी मी तुला खोटं बोलले. मोनिका फार पुढं गेली होती. तू पाजलं असतंस तरी ती वाचली असतीच असं नाही. मला राग आला होता म्हणून बोलले. दोष तुझा नव्हता."

राहीनं तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, दया होती.

"तुमी चांगल्या हाय, शिष्टर. माजं मन राखताय. पर मला ठावं हाय."

"राही, खरंच सांगते—"

"तुमी चमचा लावला तवा तिनं कसा वढला, ते मी बगितलं हुतं. आता कशाला उगं."

तिनं गोरक्षची मांडी उघडी केली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"टोचा," ती म्हणाली. "मागं बाया थांबल्यात."