आजोबांचा पत्ता

परदेशातल्या एका संस्थेने शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय वेबसाइट-स्पर्धेसाठी मला परीक्षक नेमलं, तेव्हा एक अट घातली: कुणालाही सांगायचं नाही. मी पडले नियमाला धरून चालणारी. घरातसुद्धा चकार शब्द काढला नाही.

रविवारी दुपारी कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप घेऊन बसले. वेबसाइट बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मुलांचा भपका बघून डोकं उठलं. गरगर फिरणारे पृथ्वीचे गोळे, उडणारी अक्षरं, आणि मजकूर शोधावा तर कुठे नाहीच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मग एक साइट उघडली आणि मी सावरून बसले. पांढऱ्या पानावर फक्त एक हिरवं दार. तीन देशांतल्या मुलांनी मिळून केलेली, नियमाप्रमाणे नावं झाकलेली. विषय विस्मरणाचा. दारावर क्लिक केलं की एक म्हातारा माणूस आपल्या घराचा पत्ता सांगतो. पुन्हा केलं की वेगळाच सांगतो. खाली इंग्रजी भाषांतर, त्यातही गावांची नावं गाळलेली. बाबा आत झोपले होते म्हणून मी आवाज बंद ठेवून नुसतं वाचत होते, तरी ते दार पुन्हा पुन्हा उघडत राहिले. पैकीच्या पैकी द्यायचे, ठरवूनच टाकलं. गुण भरण्याआधी इयरफोन लावला.

"अगं, हावड्याला उतरायचं आणि तिथून... थांब हं, सांगतो."

मराठी! आणि आवाज माझ्या बाबांचा.

पाठोपाठ माझ्या लेकीचा, नूपुरचा. "नाही आजोबा, चुकलं. परत सांगा." बाबा परत सांगत होते, परत चुकत होते, ओशाळून हसत होते. मागे स्वयंपाकघरातून मीच ओरडत होते, "नूपुर, आजोबांना चहा विचार गं!"

गेले काही महिने ती दर रविवारी बाबांच्या खोलीत जाऊन बसायची. मराठी शिकतेय म्हणायची. बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. पुन्हा विद्यार्थिनी मिळाली म्हणून ते शर्ट बदलून, केस विंचरून तिची वाट बघायचे. आणि मी मूर्ख, मराठी मंडळात ज्याला त्याला लेकीचं कौतुक सांगत सुटले होते.

नूपुरला हाक मारली. स्क्रीन बघून ती आधी पांढरीफटक पडली, मग माझ्यावरच उलटली.

"तू जज आहेस? मला बोलली का नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

"चेहरा कुठे दाखवलाय, आई? लोकांना कळायला पाहिजे ना, विसरणं कसं असतं ते."

"आजोबांना विचारलंस?"

तिने खांदे उडवले. "त्यांना कुठे समजतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोरीने केसाने गळा कापला होता. माझा कापला असता तर गिळलंही असतं, पण बाबांचा? आणि खरा संताप याचा, की साइट उत्तम होती. मी परीक्षकपद सोडणार, हे उघडच होतं. ते सोपं होतं.

"आजच्या आज ती साइट काढून टाक."

"आई, फायनलला जाईल ती! बाकीच्यांची पण मेहनत आहे."

"मग ऐक तरी काय केलंयस ते," म्हणत मी इयरफोन उपटला आणि आवाज मोठा केला. खोलीभर बाबा चाचरू लागले.

मागे चाहूल लागली. बाबा दारात उभे होते. रविवार होता ना, शर्ट बदललेला, केस विंचरलेले. ते थोडा वेळ ऐकत राहिले.

"कोण गं हे गृहस्थ?" त्यांनी विचारलं. "बिचाऱ्यांना घर सापडत नाहीये, आणि ती मुलगी आपली परत परत विचारतेय. त्यांच्याजवळ घरचं कोणी नाही का?"

नूपुरचा हात लॅपटॉपकडे गेला आणि तिथेच थांबला.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नूपुर, तू सांग बाई त्यांना पत्ता. तुझं मराठी आता छान झालंय."