माझे पाय धाकटीच्या घरात

मी शिलाई मशीन. पूर्वी पायमशीन होते, आता हातमशीन आहे. हे कसं झालं तेच सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे खरोखरच बसलेय, कारण उभं राहायला मला आता पाय नाहीत.

दोन बहिणींच्या आईने मला घेतलं. तिने माझ्यावर गावभरचे कपडे शिवले आणि त्यावर दोघी मुली वाढवल्या. ती गेल्यावर थोरली, म्हणजे ताई, मला आपल्या घरी घेऊन आली. ताईला शिवण येत होतं, धाकटीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तेव्हा मी ताईकडे जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं.

ताईचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. एक कपाट, एक खाट आणि मान वाकडी झालेला टेबलफॅन. अशा घरात खिडकीजवळची जागा माझी. माझी बरोबरी करणारं तिथे होतं कोण? हेवा कशाशी खातात हे मला ठाऊकच नव्हतं.

मग धाकटीने नवं घर बांधलं. रंग लागला, फरशी बसली, सुताराची कामं संपत आली. खिडक्या अशा उंच की तयार पडदे सगळे तोकडे पडले. धाकटी ताईकडे आली.

"ताई, पडदे तू शिव ना. राहायला जायच्या आधी लागले पाहिजेत."

"शिवते की. पण ते ठाणच्या ठाण कापड माझ्या खोलीत कुठे पसरू? मशीनच तिकडे ने."

अशी मी टेम्पोत बसून नव्या घरी पोचले. रिकाम्या दिवाणखान्यात माझी खडखड अशी घुमली की मी स्वतःवरच खूश झाले. त्या एवढ्या मोठ्या खोलीत मी एकटीच!

फार टिकलं नाही ते सुख. सोफा आला. अंगावर प्लास्टिक, चार माणसं उचलायला, आणि धाकटी मागे धावतेय, "जपून, भिंतीला लागेल! जपून!" मला आणताना चौकटीवर आपटलं होतं, तेव्हा चौकटीला काही झालं नाही ना एवढंच पाहिलं सगळ्यांनी. मग जेवणाचं टेबल आलं. मग एक दिवा आला. उजेड मिणमिणता, पण तो इथे ठेवू की तिथे, यात अख्खी सकाळ गेली. आणि माझ्याखाली? फरशीवर ओरखडे नकोत म्हणून जुना गोणपाट.

माझा नुसता जळफळाट झाला. ही सगळी मंडळी इथेच राहणार. अहो, माझ्याच सुईखालून निघालेले पडदेसुद्धा राहणार! आणि काम संपलं की मी परत टेम्पोत.

जळणारी मी एकटी नव्हते. ताई पाणी प्यायला उठली की स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून तळवा फिरवायची. तिथला एक खण हलकेच ढकलला की आपोआप मिटायचा. तो ती उघडायची, मिटताना बघायची, पुन्हा उघडायची. धाकटी आली की म्हणायची, "छान झालंय हो सगळं." मग माझ्याजवळ येऊन बसायची आणि माझं पायडल असं दाबायची की दोरा तुटायचा. ताई बोलते ते सगळ्यांना ऐकू जातं. ती गिळते ते माझ्या पायडलला कळतं.

थोडेच पडदे उरले असताना इंटिरिअरवाली आली. मला बघून थबकलीच.

"अय्या, काय सुंदर पाय आहेत! वरचं काढून टाकू, जाड काच बसवू. सोफ्याशेजारी असं टेबल शोभेल म्हणून सांगू!"

सोफ्याशेजारी! मी हुरळून गेले. 'वरचं' म्हणजे मीच, हे जरा उशिराच डोक्यात शिरलं.

धाकटीचे डोळे चमकले. "ताई, राहू दे ना हे इथेच. मी तुला मोटरवालं नवं घेऊन देते."

ताईचा पाय थांबला. "एवढं सगळं झालं तुझं. आता माझं मशीन तेवढं राहिलं होय?"

"तुझं कसं? आईचं आहे ते. तुला शेजारी बसवून शिकवायची ती. मी जवळ आले की, 'जा, अभ्यास कर.' मला कधी हातसुद्धा लावू दिला नाही."

"चिमे, माझी शाळा सुटली होती, म्हणून मला शिवण शिकवलं. तुझी सुटू नये म्हणून आम्ही दोघी शिवत होतो. त्यात हेवा वाटण्यासारखं काय होतं?"

"मला वाटायचा. अजून वाटतो."

"आणि मला तुझ्या या भिंतींचा वाटतो," ताई म्हणाली. "रोज इथे पाय टाकला की वाटतो. बोलले का कधी?"

इंटिरिअरवाली गुपचूप गॅलरीत जाऊन उभी राहिली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हाताशी आलं त्या कापडाने तिने नाक पुसलं.

"अगं, पडदा आहे तो!" ताई ओरडली.

दोघी एकमेकींकडे बघून जी हसायला लागल्या, की मला वाटलं आता दोघी माझ्यावरच कोसळतात.

हसू ओसरल्यावर ताईने डोळे पुसले. "पाय तू घे. डोकं मला राहू दे. हाताचं चाक बसवून मिळतं."

"चालेल तुला?"

"तुझ्या घरात आईचं काहीतरी हवंच. पण आधी पडदे पुरे होऊ देत."

पुढे काय होणार ते ठाऊक असूनही मी उरलेले पडदे शिवले, आणि एक टाकाही चुकवला नाही. शेवटचा पडदा खिडकीवर चढला, तसा सुताराने स्क्रू सैल केले आणि ताईने मला उचलून छातीशी धरलं.

आता मी ताईच्या खिडकीजवळ, लाकडी पाटावर. ताई एका हाताने चाक फिरवते, दुसऱ्याने कापड सरकवते. काम हळू होतं. धाकटी अधूनमधून येते, उसवलेलं शिवून घेते आणि खबर देते. माझ्या पायांवर काच बसलीय, काचेवर फुलदाणी आहे, रोज मऊ फडक्याने पुसतात म्हणे. चहा पिताना तिचा पाय नकळत पायडलवर जातो आणि खालचं चाक गरगर फिरतं. पाहुणे कौतुक करतात.

ऐकून पोटात दुखतं माझ्या. टाका एक घालायचा नाही, आणि कौतुक तेवढं त्यांचं! सोफ्याचा हेवा केला, दिव्याचा केला, पण आपल्याच पायांवर जळायची वेळ यावी?

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर माझं एक काम करा. फुलदाणी बघा हवं तर, पण पायडल जरा हलवून या. बसून बसून गंजतील मेले. आणि मी कशी आहे असं माझ्या पायांनी विचारलंच, तर सांगा, मजेत आहे, रोज नवं कापड अंगावर असतं. जळू देत त्यांनाही थोडं.