खिशातून ऐकलेला समुद्र

मित्रांनो, जरा जवळ या, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. मी एक जुनी कानाची मशीन आहे. दुकानाच्या पाटीवर माझं नाव 'श्रवणयंत्र' असं भारदस्त लिहिलेलं असतं, पण घरोघरी मला मशीनच म्हणतात. दिसायला मी काजूएवढी आणि काजूसारखीच वाकडी. लोकांना मी दिसू नये म्हणून माझा रंगही कातडीसारखा ठेवलेला आहे. जिचा जन्मच लपून बसण्यासाठी झाला, तिने मानपानाची अपेक्षा धरू नये हे मला कळतं. तरी थोडा मान हवासा वाटतोच.

एका कारखान्यात भिंगातून बघत काम करणाऱ्या बायकांनी माझ्या पोटात केसासारख्या तारा बसवल्या. तिथून मी नागपूरला, धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या कपाटात येऊन पडले. मला घरी नेलं ते उल्काआजींनी. झालं असं, की त्या भाजी आणायला गेल्या होत्या. गॅसवर कुकर होता आणि शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान, म्हणजे आपले मनोहर आजोबा, शब्दकोडं सोडवत बसले होते. कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. आजी परत आल्या तेव्हा डाळीचा कोळसा झाला होता आणि आजोबांचं शब्दकोडं जवळजवळ सुटलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी आजोबांच्या डाव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानामागे जाऊन बसले.

पहिले काही दिवस माझं फार कौतुक झालं. आजोबांना मोरीतला गळका नळ ऐकू आला आणि त्यांनी उठून तो घट्ट बंद केला. आल्यागेल्याला ते सांगत, "आता पाल चुकचुकलेली पण ऐकू येते मला." मी मनातल्या मनात फुगत असे.

पण आजोबांचं आयुष्य वीज मंडळाच्या नोकरीत गेलेलं. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांच्या जिवाची घालमेल होई. हाच नियम त्यांनी मला लावला. कुणी काही महत्त्वाचं बोलत नसेल तर बॅटरी कशाला जाळायची? शिवाय माझ्यामुळे ताटवाट्यांचा खडखडाटही मोठा होतो, तो त्यांना सोसत नसे. मग ते बॅटरीचं झाकण उघडून मला एका गोल डबीत घालत आणि डबी सदऱ्याच्या खिशात. डॉक्टरकडे जायचं असलं, बँकेत काम असलं, टीव्हीवर बातम्या लागल्या, की मी कानावर. एरवी खिशात.

गंमत म्हणजे, माझ्या बॅटरीवरचा चिकट कागद एकदा काढला की तिला हवा लागते, आणि मग मला वापरा नाहीतर डबीत ठेवा, ती संपत जातेच. डॉक्टरीणबाईंनी हे आजोबांना नीट समजावून सांगितलं होतं. पण ते सांगताना मी साफसफाईसाठी त्यांच्या टेबलावर होते.

आणखी एक सांगते. झाकण उघडलेलं असलं तरी मला ऐकू येतंच. फक्त पोचवता येत नाही. खिशात बसून सगळं ऐकायचं आणि ज्याला सांगायचं त्याला सांगता यायचं नाही, यासारखा जाच नाही.

अशीच खिशात बसून मी अमेरिकेत आले. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात आजोबांचा मुलगा सत्यजित, सून रेणू आणि दहा वर्षांची नात सावनी राहतात. मुलीचं बाळंतपण असल्यामुळे उल्काआजी नागपुरातच थांबल्या होत्या. सकाळी त्यांचा फोन आला की आजोबा घाईघाईने मला काढत, आणि फोन संपला की पुन्हा डबीत घालत.

सावनीच्या बाबतीत आजोबांनी एक सोपी युक्ती काढली होती. पोरगी बोलणार इंग्रजी, तेही नाकातलं. मशीन लावून तरी काय कळणार? मग तिचे ओठ हलले की आजोबा हसत आणि म्हणत, "व्हेरी गुड, बाळा."

त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. सावनी गेल्या वर्षापासून रविवारच्या मराठी शाळेत जात होती. स्प्रिंग ब्रेकच्या शाळेच्या सुट्टीत सगळे कॅरिबियनच्या क्रूझला निघाले, तेव्हा गॅल्व्हेस्टनच्या बंदरापर्यंतच्या लांबलचक ड्राइव्हमध्ये आजोबा मान टाकून झोपले होते. सावनी हळूच म्हणाली, "मम्मा, मी एक डिसाइड केलंय. शिपवर मी आजोबांशी फक्त मराठीत बोलणार. फुल वीक."

"अरे वा. जमेल?" रेणूने विचारलं.

"आय प्रॅक्टिस्ड."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. या आठवड्यात आपल्याला भरपूर काम आहे, असं मला वाटलं.

जहाज कसलं, ते पाण्यावर उभं केलेलं एक गावच होतं. मी बघितलं नाही, पण ऐकलं. लिफ्टच्या घंटा, बँडचे ढोल, पोहण्याच्या तलावातला चुबुकचुबुक आवाज, आणि या सगळ्याखाली इंजिनाची बारीक घरघर. निघताना जहाजाने भोंगा दिला तो इतका मोठा, की मी खिशात असूनही तो आजोबांच्या छातीत पोचला. ते दचकले. सावनीने त्यांचा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारलं, "आजोबा, तुम्हाला भीती वाटते का?"

आजोबा हसले. "व्हेरी गुड, बाळा."

मी डबीत तळमळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुफेमध्ये ताटांचा कल्लोळ होता. सत्यजित आणि रेणू ऑम्लेटच्या रांगेत होते. आजोबा आधी सगळीकडे फिरून कशात अंडं नाही ते बघून आले होते आणि टोस्टवर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी पसरत होते. सावनी बशी घेऊन आली. "आजोबा, मी तुमच्यासाठी पपई आणली. खूप गोड आहे."

"थँक यू, थँक यू."

ती थोडी थांबली. मग खुर्चीवर बसून तिने गपचूप आपलं पॅनकेक खाल्लं.

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाच्या किनाऱ्यावर तर कमाल झाली. पाणी म्हणे असं निळं, की रेणूने दहा वेळा 'बघ ना' म्हटलं. सगळे पाण्यात उतरले आणि आजोबा, आपल्याकडची वडीलधारी माणसं करतात तसे, चपला आणि पिशव्या सांभाळत सावलीत बसले. सावनी ओल्या अंगाने धावत आली. "आजोबा, तुम्ही लहान होता तेव्हा समुद्र बघितली होती?"

हा प्रश्न तिने पाण्यात उभं राहून तयार केला असावा. शब्द सगळे जागच्या जागी नसतील, पण त्यातली उत्सुकता मला नीट कळली. आजोबांनी मान डोलावली. "येस, येस. गो, प्ले."

ती गेली. पण ती धावत गेली नाही, वाळूत पाय ओढत गेली, ते मला ऐकू आलं.

मित्रांनो, आजोबा वाईट माणूस नव्हते. चालताना सावनी उन्हात आली की ते तिला सावलीच्या बाजूला घेत. रात्रीच्या जेवणात आईस्क्रीम आलं की आपलं अर्धं तिच्या वाटीत टाकत. त्यांना फक्त वाटत होतं, की पोरीशी आपलं एवढंच नातं असणार, हसण्याचं आणि आईस्क्रीमचं. आणि तिकडे सावनीला वाटत होतं, की आपलं मराठी इतकं वाईट आहे, की आजोबांना ते मराठी म्हणून ओळखूसुद्धा येत नाही. दोघांच्या मध्ये मी होते, झाकण उघडं टाकून.

शेवटचा दिवस पूर्ण समुद्रावरचा होता. दुपारी कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून बोलणार, असं सत्यजितने खुणेने सांगितलं, तशी आजोबांनी डबी काढली. कॅप्टन बोलतोय म्हणजे महत्त्वाचंच असणार. मी कानावर चढले. कॅप्टन कुठल्याशा थंड देशातला होता. तो वाऱ्याबद्दल बोलला, पाण्याच्या खोलीबद्दल बोलला, शेवटी काहीतरी विनोद केला. आजोबांना त्यातलं काहीही कळलं नाही, पण त्यांनी उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं.

घोषणा संपली. आजोबांचा हात कानाकडे निघाला. तेवढ्यात त्यांच्या मागच्या आरामखुर्चीवरून सावनीचा आवाज आला.

"मम्मा, मला मराठी शाळेत नाही जायचं. लाइक, एव्हर."

"का गं?" रेणू म्हणाली. "किती छान बोलतेस आता."

"नो, आय डोन्ट. मी आजोबांशी मराठीत बोलते आणि ते इंग्लिशमध्ये आन्सर करतात. एव्हरी सिंगल टाइम. ही डझन्ट इव्हन नो इट्स मराठी."

"अगं, त्यांना कमी ऐकू येतं ना."

"मग मशीन का नाही लावत?" सावनीचा आवाज चिरकला. "आजीचा फोन आला की लावतात. कॅप्टनसाठी पण लावली. माझ्यासाठी नाही लावत."

यातला शब्दन् शब्द मी आजोबांपर्यंत पोचवला. आयुष्यात इतकं चोख काम मी कधी केलं नव्हतं, आणि काम करताना इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

आजोबांचा हात कानाजवळ तसाच राहिला. ते कठड्याला धरून समुद्राकडे तोंड करून उभे होते. त्यांचा श्वास मला जवळून ऐकू येत होता.  मग ते वळले आणि सावनीच्या आरामखुर्चीच्या पायथ्याशी अवघडून बसले.

"सावनी, पपई आणलीस त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस?"

"नथिंग."

"मला ऐकू नाही आलं बाळा. मशीन खिशात होती."

"पण का?"

आजोबा म्हणाले, "बॅटरी संपते. म्हणून जपून वापरतो."

"कशाला जपून?"

"काही महत्त्वाचं असलं तर..." एवढं बोलून आजोबा थांबले.  त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला. रेणू उठून पाण्याची बाटली आणायला गेली. बाटली तिच्या शेजारीच होती.

"चुकलं माझं," आजोबा म्हणाले. "मला वाटायचं तू इंग्रजीत बोलतेस. आता परत सांग. पहिल्यापासून सांग."

सावनी लगेच काही विरघळली नाही. नात कुणाची? तिने आधी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "इज इट ऑन?" आजोबांनी माझं झाकण चाचपून बघितलं आणि हो म्हणाले. मग ती बोलायला लागली. पपई, भोंगा, निळं पाणी, वर्गातली कोण मैत्रीण कोणाशी बोलत नाही, सगळं. शब्द अडला की ती इंग्रजीची काठी घेई आणि पुन्हा मराठीवर येई. आजोबांनी तिची एकही चूक काढली नाही. त्यांनीही सांगितलं, की त्यांच्या लहानपणी त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता, आणि नोकरी लागल्यावर पाहिला तेव्हा एवढं पाणी कुणाच्याच उपयोगाचं नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं होतं. यावर सावनी इतकी हसली, की माझे कान, म्हणजे आजोबांचा कान, भरून गेला. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला उतरवलं नाही. आजींचा फोन समुद्रावर लागत नव्हता, कॅप्टन पुन्हा बोलला नाही, तरी मी कानावरच होते.

पण मी यंत्र आहे आणि यंत्राचा भरवसा तेवढाच. क्रूझवर शेवटच्या संध्याकाळी सामानाच्या बॅगा चिठ्ठ्या लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली नेतात आणि सकाळी बंदरावर मिळतात. आजोबांनी सर्वांच्या आधी आपली बॅग भरून ठेवली, आणि हातात ओझं नको म्हणून नव्या बॅटऱ्यांचं पाकीटही त्यातच घातलं. सकाळी उतरणाऱ्यांच्या दालनात आम्ही आमचा नंबर पुकारण्याची वाट बघत होतो. मुलं रडत होती, कर्णे वाजत होते. सावनी काहीतरी सांगत होती. माझ्या पोटात टुंग टुंग झालं आणि तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मी बंद पडले.

आजोबा आता काय करतात याची मी वाट पाहत होते. आता ते हसतील आणि मान डोलावतील, असं मला वाटलं. जुनी सवय सहज सुटत नाही.

आजोबांनी मला काढून तळहातावर धरलं आणि सावनीला दाखवलं. "मशीन गेली बाळा. तू काय म्हणालीस ते मला नाही ऐकू आलं."

सावनीने माझ्याकडे बघितलं. मग ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली, टाचा उंच केल्या, दोन्ही हातांचा द्रोण करून तो त्यांच्या कानाशी लावला आणि अगदी सावकाश म्हणाली, "आजोबा, आपला नंबर आला. चला."

आजोबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "चल," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या गर्दीत मी आजोबांच्या मुठीत मुकी पडले होते आणि माझ्यावाचून काम झालं होतं. मला राग यायला हवा होता, पण नाही आला. मला घामापासून जपा, पाण्यापासून जपा, पण डबीत घालून जपू नका. आणि तुमच्या घरी कुणी आजोबा किंवा काकू नुसतीच मान डोलावत असतील, तर त्यांना सगळं कळलं असं समजून निघून जाऊ नका. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा, सावकाश बोला, आणि उत्तर भलतंच आलं, तर रुसू नका. परत एकदा बोला.